नाव पुसण्याचा अधिकार: पार्मिजानो रेज्जानो संघाचं प्रकरण

बारा महिने लाकडी फळीवर मुरलेलं, साधारण ४० किलो वजनाचं चीजचं चाक. परीक्षक लहानशा हातोडीने ते सगळीकडून ठोकतो आणि आवाज ऐकतो. आत भेग असेल, पोकळी असेल, वायू धरला असेल, तर आवाज बदलतो. शंका आली तर तो बारीक सुई खुपसून बाहेर काढतो आणि वास घेतो. चाक पहिल्या प्रतीचं ठरलं की त्याच्या सालीवर तापलेल्या लोखंडाने अंडाकृती छाप उमटवला जातो. नापास झालं तर सालीवर पहिल्या दिवसापासून उमटलेलं 'पार्मिजानो रेज्जानो' हे नाव खरवडून काढतात. चीज खाण्याजोगं असतं, ते विकताही येतं, पण त्या नावाने नाही. त्या चाकामागे गेलेलं सुमारे ५५० लिटर दूध आणि वर्षभराची राखण एका सकाळीत स्वस्त होते. ज्याचं हे नुकसान होतं, तो नाव खरवडायला लावणाऱ्या उत्पादक संघाचाच सभासद असतो.

उत्तर इटलीतल्या या चीज उत्पादकांच्या संघाचं प्रकरण मी अभ्यासाला घेतलं ते याच कारणासाठी. दुधाच्या धंद्यात दर्जाचे नियम लिहिणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. स्वतःच्या सभासदाचा माल नाकारण्याची ताकद कमावलेल्या आणि ती सातत्याने वापरणाऱ्या संस्था थोड्या. हा संघ १९३४ मध्ये उभा राहिला. तेव्हापासून त्यातल्या चीजशाळांची, म्हणजे दुधाचं चीज बनवणाऱ्या सभासद कारखान्यांची, संख्या घटत घटत आज सुमारे ३०० वर आली आहे. तरीही वर्षाला ४० लाखांहून अधिक चाकं तयार होतात आणि त्यातला जवळजवळ निम्मा माल परदेशी जातो. सभासद घटले आणि संघ वाढला. हे कसं झालं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

माल आणि मुलूख

पो नदीच्या दक्षिणेला पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे तीन जिल्हे पूर्ण, बोलोन्याचा रेनो नदीच्या डावीकडचा भाग आणि मांतोवाचा पो नदीच्या उजवीकडचा भाग, एवढीच या चीजची हद्द. इथल्या चीजचा उल्लेख तेराव्या शतकातल्या जेनोवाच्या दस्तऐवजातही सापडतो. १६१२ मध्ये पार्माच्या फार्नेसे घराण्याच्या काळात नोटरीसमोर झालेल्या एका दस्तऐवजात, पार्माचं चीज म्हणवून घ्यायचं असेल तर ते कुठून यावं, हे लिहून ठेवलेलं आहे. नावाची चोरी तेव्हाही होत होती, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे वाद तिच्यावरच उभे आहेत. संध्याकाळचं दूध रात्रभर रुंद, उथळ हौदात ठेवतात. सकाळी वर आलेली साय काढतात आणि त्या दुधात सकाळचं ताजं, न तापवलेलं, पूर्ण सायीचं दूध मिसळतात. हे मिश्रण तांब्याच्या घंटेसारख्या खोल कढईत जातं. त्यात आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी, म्हणजे चीज काढल्यावर उरलेलं पाणी, घालतात. आपण विरजण राखून ठेवतो तसंच हे, फक्त त्यातले जीवाणू त्या परिसराचे. मग वासराच्या जठरातून मिळणारं रेनेट घालून दूध साखळवतात. म्हणून काटेकोर शाकाहारी माणूस हे चीज खात नाही. साखळलेलं दूध तांदळाच्या दाण्याएवढं बारीक फोडून ५५ अंशांपर्यंत तापवतात. खाली बसलेला गोळा कापडात धरून वर काढतात, त्याचे दोन भाग करतात, साच्यात घालतात. एका कढईतून दोन चाकं निघतात. तीन आठवड्यांच्या आसपास ती मिठाच्या पाण्यात राहतात आणि मग कोठारात जातात. तिथे किमान १२ महिने, बहुतेक वेळा २४, कधी ३६ महिने किंवा त्याहूनही जास्त. दूध, मीठ आणि रेनेट याखेरीज काही घालायला परवानगी नाही.

मुरघासाला बंदी

या नियमावलीतली सर्वांत महागडी ओळ गोठ्यातली आहे: गाईंना मुरघास द्यायचा नाही.

आपल्याकडच्या दूध उत्पादकाला हे वाचून धक्का बसेल. मका कापायचा, कुट्टी करून खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून भरायचा, हवा बंद करायची आणि उन्हाळ्यात गाईंना घालायचा, हा सल्ला महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्यापासून दूध संघांपर्यंत सगळेच देतात, आणि तो योग्यच आहे. पिशवीबंद दुधाला त्याने काही होत नाही. पण मुरघासात क्लोस्ट्रिडियम गटाच्या जीवाणूंचे बीजाणू वाढू शकतात. ते शेणातून, कासेवरून दुधात येतात. न तापवलेल्या दुधाच्या, महिनोन्महिने मुरणाऱ्या चीजमध्ये ते जागे होतात, वायू तयार करतात आणि सहा-आठ महिन्यांनी चाक आतून फुगतं, फाटतं. तोवर शेतकऱ्याचं दूध, कारागिराची मेहनत आणि कोठाराचं भाडं सगळं त्यात गेलेलं असतं.

शेजारच्याच ग्राना पादानो चीजच्या संघाने दुसरा मार्ग धरला. तिथे मुरघास चालतो आणि त्यावर उपाय म्हणून अंड्यापासून मिळणारं लायसोझाइम दुधात घालता येतं. तो मार्ग बेकायदा नाही, वाईटही नाही. तिथे चाकंही जास्त तयार होतात. पार्मिजानोच्या संघाने मात्र चाऱ्यातच बंदी ठेवली. म्हणजे सुकं गवत आणि लसूणघास यांच्यावर गाई पोसायच्या, आणि तो चाराही बहुतांश हद्दीच्या आतला. लिटरमागे खर्च वाढतो, दूध कमी निघतं. शेतकऱ्याने हे का सोसावं? चीजशाळा बहुतांश सहकारी आहेत, म्हणून. दुधाचा अंतिम भाव चीज विकल्यावर ठरतो. फुगलेल्या चाकाचा तोटा फिरून त्याच्याच खात्यात येतो.

महाराष्ट्रात दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) या दोन आकड्यांवर ठरतो. त्या दुधाचं पुढे काय झालं, पेढा चांगला झाला की पनीर आंबट निघालं, हे शेतकऱ्यापर्यंत परत येत नाही. पार्मामध्ये ते परत येतं, जरी वर्ष-दीड वर्षाने. दर्जाचा नियम गोठ्यापर्यंत पोचवणारी खरी वाट ही हिशोबाची आहे, असं मला ठामपणे वाटतं. निरीक्षक वर्षातून एकदोनदा येतो. हिशोब रोज गोठ्यात हजर असतो.

वर्षभर पैसा अडकून राहतो, हा या पद्धतीतला मोठा धोका. तो त्या मुलखाने बँकेच्या मदतीने सोडवला. रेज्जो एमिलियाची क्रेदितो एमिलियानो ही बँक चीजची चाकं तारण ठेवून कर्ज देते. तिच्या उपकंपनीच्या कोठारांत लाखो चाकं फळ्यांवर मुरत असतात. तारण ठेवलेला माल पडून राहिला की सहसा त्याची किंमत उतरते. इथे ती चढते. पण बँकेला हे परवडतं ते सालीवरच्या खुणांमुळे: कोणत्या चीजशाळेचं, कोणत्या महिन्याचं, कुठल्या प्रतीचं चाक, हे बघताक्षणी समजतं. दर्जाची खूण पतपुरवठ्याचा आधार झाली. ही बाजू दर्जाविषयीच्या चर्चांमध्ये क्वचित येते, आणि सहकारी संस्थांनी ती मुद्दाम अभ्यासावी.

दोन शहरांचं एक नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हद्दीतली गावं एकमेकांची स्पर्धक होती. पार्माचं चीज मोठं की रेज्जोचं, हा अभिमानाचा आणि पैशाचाही प्रश्न होता. १९२८ मध्ये रेज्जोने आपल्या चीजच्या रक्षणासाठी स्वतंत्र संघ काढला. पण मंदीच्या काळात भाव कोसळले, बाहेरच्या भागांतलं दाणेदार चीज त्याच नावांनी खपू लागलं, आणि एकेकट्याने लढणं परवडेनासं झालं. २७ जुलै १९३४ रोजी पार्मा, रेज्जो, मोदेना आणि मांतोवाच्या त्या पट्ट्यातल्या चीजशाळांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि सामाईक मूळस्थानाच्या छापाला मान्यता दिली. काही वर्षांतच हद्द निश्चित झाली. १९३८ पासून दोन्ही शहरांची नावं जोडून 'पार्मिजानो रेज्जानो' हे नाव चालू झालं.

नावातली ती जोडणी मला या प्रकरणातला पहिला मोठा नेतृत्वाचा निर्णय वाटते. प्रत्येक शहराने अर्धं नाव सोडलं. ज्या संघटनांमध्ये मोठा सभासद आपलं नाव सगळ्यांवर लादतो, तिथे लहान सभासद नियम पाळतात पण मनापासून राखत नाहीत.

युद्धानंतर कायद्याचं बळ मिळालं. १९५१ मध्ये इटलीतल्या स्त्रेसा गावी इटली, फ्रान्स आणि आणखी काही युरोपीय देशांनी चीजच्या नावांविषयी करार केला, त्यात पार्मिजानो रेज्जानो होतं. १९५४ च्या इटलीच्या कायद्याने चीजच्या मूळस्थानाच्या नावांना संरक्षण दिलं आणि १९५५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हद्द आणि वैशिष्ट्यं अधिकृत झाली. १९९६ मध्ये युरोपीय संघाच्या संरक्षित मूळस्थानाच्या यादीत नाव आलं. या टप्प्यांचा तपशील कायद्याच्या अभ्यासकांसाठी. माझ्या मते खरा बदल यांच्या मधे, कोठारात झाला.

१९६४

सुरुवातीची पद्धत अशी होती की चीज मुरल्यावर तपासायचं आणि चांगलं असेल तर छाप मारायचा. ऐकायला हे रास्त वाटतं. पण यात एक भोक होतं. छाप न मिळालेलं चाक दिसायला छाप मिळालेल्या चाकासारखंच. तुकडे केले की छापाचा भाग कुठल्या तरी एकाच तुकड्यावर राहतो. दुकानदाराने बाकीचं काहीही त्याच नावाने विकावं, कोण ओळखणार?

१९६४ पासून मूळस्थानाची खूण पहिल्याच दिवशी उमटू लागली. साच्याच्या आत टोचणीच्या ठिपक्यांनी नाव लिहिलेली पट्टी लावायची, म्हणजे ओल्या चीजवर चहूबाजूंनी ठिपक्यांत नाव उठतं, सोबत चीजशाळेचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. पुढे केसीनची क्रमांक असलेली चकतीही प्रत्येक चाकावर बसवली जाऊ लागली. आता कुठलाही तुकडा कापला तरी सालीवर नावाचे ठिपके येतात. गिऱ्हाईक स्वतः पडताळून पाहू शकतं.

याचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. आधी संघाचं काम बक्षीस देण्याचं होतं. नापास चाकाबाबत संघाने काहीच न करणं पुरेसं होतं. आता नाव आधीच उमटलेलं असल्यामुळे नापास चाकावरचं नाव काढण्याची जबाबदारी संघावर आली. मधली प्रतही ठेवली आहे: किरकोळ दोष असलेल्या चाकाच्या सालीवर समांतर रेघा ओढतात, म्हणजे ते लवकर खावं, जास्त मुरायला ठेवू नये, हे घेणाऱ्याला समजतं. पण सगळ्यात खालच्या प्रतीचं नाव जातंच. शेजाऱ्याच्या, कदाचित गेल्या सभेत आपल्याला मत दिलेल्या माणसाच्या कोठारात जाऊन नाव खरवडायचं, हे सोपं काम नाही. लहान मुलुखात सगळे एकमेकांना ओळखतात.

म्हणून पुढे उत्पादन नियमाप्रमाणे झालं की नाही हे प्रमाणित करणारी स्वतंत्र नियंत्रण संस्था आली. युरोपीय कायद्यालाही ती हवी होती. नावाचं रक्षण, प्रचार आणि धोरण संघाकडे. अनुपालनाची तपासणी वेगळ्या संस्थेकडे. माल खपवायचा आणि मालाचा न्यायही करायचा, ही दोन्ही कामं एकाच अध्यक्षाच्या टेबलावर असली की वाईट वर्षात कुठलं काम मागे पडेल, हे सांगायला नको.

घरातली लबाडी, बाहेरची नक्कल

नाव चोरणारा नेहमी परका असतो, हा समज या प्रकरणात टिकत नाही. २००२ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात किसलेलं, वाळवलेलं मिश्र चीज इटलीतच तयार होत होतं आणि 'पार्मेझान' या नावाने इटलीबाहेर विकलं जात होतं. बचाव असा की आम्ही ते इथे विकतच नाही. न्यायालयाने तो मान्य केला नाही: संरक्षण जिथे लागू आहे तिथे नियमात न बसणारा माल निर्यातीसाठीही असं नाव लावून बनवता येणार नाही.

दुसरा खटला जास्त बोलका आहे. जर्मनीत 'पार्मेझान' हे किसलेल्या चीजचं सामान्य नाव आहे, असं जर्मन सरकारचं म्हणणं. युरोपीय आयोगाने जर्मनीवर खटला भरला. २६ फेब्रुवारी २००८ च्या निकालात न्यायालय म्हणालं की ते नाव सामान्य झाल्याचं जर्मनीला सिद्ध करता आलं नाही, आणि 'पार्मेझान' म्हटलं की ग्राहकाच्या मनात पार्मिजानो रेज्जानोच येतं. पण त्याच निकालात आयोगाचा दावा फेटाळला गेला, कारण दुसऱ्या देशाच्या नावाचं उल्लंघन जर्मनीने आपणहून शोधून थांबवावं, असं बंधन तिच्यावर नव्हतं. तत्त्व मिळालं, पहारेकरी मिळाला नाही. पहारा संघालाच द्यायचा होता: वकील, दुकानांची पाहणी, तक्रारी, पुन्हा वकील. चाकामागे सभासदांकडून घेतल्या जाणाऱ्या वर्गणीचा एक भाग या कामावर जातो. तो खर्च वाया जातो असं म्हणणारे सभासद दर पिढीत असतात. मी त्यांच्याशी सहमत नाही.

अमेरिकेत तर तत्त्वही मिळालेलं नाही. तिथल्या सरकारी मानकात 'पार्मेझान' हा एक चीजप्रकार आहे, कुठेही बनवलेला चालतो, किमान मुरवण १० महिने. संघ तिथे पूर्ण जोडनावावर आणि सालीवरच्या ठिपक्यांवर भर देतो.

जास्त माल

कुठल्याही यशस्वी दर्जाची परीक्षा भाव चढल्यावर होते. भाव चांगला आला की प्रत्येक गोठ्यात दोन गाई वाढतात. ते दूध चीज होऊन बाजारात येतं तेव्हा वर्ष-दोन वर्षं उलटलेली असतात, आणि तोवर प्रत्येकाने तेच केलेलं असतं. २००८ मध्ये भाव उत्पादनखर्चाखाली गेले आणि इटलीच्या सरकारने पार्मिजानोची एक लाख चाकं विकत घेऊन गरजूंना वाटायचं ठरवलं. ग्राना पादानोचीही तेवढीच. सहा-सात वर्षांत पुन्हा तोच फेरा: २०१४-१५ मध्ये १२ महिने मुरलेल्या चीजचा घाऊक भाव किलोला आठ युरोच्या आसपास किंवा त्याखाली होता.

यावेळी संघाच्या हातात नवं साधन होतं. २०१२ च्या युरोपीय नियमाने संरक्षित चीजच्या बाबतीत उत्पादनाचं नियोजन करायला मुभा दिली. अट कडक: दूध उत्पादक आणि चीज उत्पादक या दोघांकडूनही दोन तृतीयांश संमती हवी. कारण एरवी असं एकत्र येऊन पुरवठा ठरवणं स्पर्धा कायद्यात बसत नाही. संघाने आराखडा मंजूर करून घेतला. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर दुधाचा कोटा आला. कोट्याबाहेर दूध चीजमध्ये घातलं तर जादा वर्गणी भरावी लागते. कोटा चीजशाळेच्या नावावर न देता शेतकऱ्याच्या नावावर दिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चीजशाळा विकली गेली, विलीन झाली, तरी शेतकऱ्याचा हक्क त्याच्याबरोबर जातो.

पुढच्या काही वर्षांत भाव १० युरोच्या वर गेला आणि उत्पादनही वाढलं: २०१६ मधली सुमारे ३५ लाख चाकं २०२१ पर्यंत ४० लाखांवर. हे श्रेय एकट्या कोट्याला देणं चुकीचं ठरेल. निर्यात वाढली होती, मागणी होती. पण वाढ आराखड्याच्या मापाने होत गेली.

याची किंमतही आहे, आणि ती तरुण मोजतात. कोटा विकता-विकत घेता येतो, म्हणजे त्याला बाजारभाव आला. ज्याच्या बापाच्या गाई होत्या त्याला कोटा आहे. नव्याने गोठा घालणाऱ्याला गाई, जमीन आणि वर कोटाही विकत घ्यावा लागतो. आज या भागातल्या अनेक गोठ्यांत दूध काढण्यापासून गाईंच्या देखभालीपर्यंतचं काम पंजाबातून गेलेली माणसं करतात. रेज्जोजवळच्या नोव्हेल्लारा इथे २००० पासून त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. ज्यांच्या हातावर हा धंदा चालतो त्यांना उद्या स्वतःचा गोठा काढायचा झाला तर दार किती उघडं असेल, हा प्रश्न संघाच्या अहवालांत मध्यभागी यायला हवा.

भूकंप आणि बारा महिन्यांचा नियम

२० आणि २९ मे २०१२ ला एमिलियात, म्हणजे याच मुलखात, भूकंपाचे मोठे धक्के बसले. कोठारांमधल्या दहा-बारा मीटर उंच फळ्यांच्या रांगा एकमेकींवर कोसळल्या आणि लाखो चाकं खाली आली. काही फुटली, काही चेपली, काही वरून ठीक दिसत होती पण आतून तडकली होती. सहकारी चीजशाळांसाठी ते सभासदांचं पुढच्या वर्षाचं उत्पन्न होतं.

त्या आठवड्यांत संघावर काय दडपण असेल याची कल्पना करता येते. चाक १० महिन्यांचं आहे, चांगलं आहे, फक्त फुटलंय. द्या की नाव, देश मदत करायला तयार आहे, कोण तक्रार करणार? नियम हलला नाही. १२ महिने पूर्ण न झालेलं फुटकं चीज पार्मिजानो म्हणून विकलं गेलं नाही. ते वितळवून इतर चीज उत्पादनांकडे गेलं. ज्याचे १२ महिने झाले होते ते तुकड्यांत विकलं. त्या वेळी जुझेप्पे अलाई संघाचे अध्यक्ष होते. मदतीची वाट वेगळी काढली गेली: नुकसान न झालेल्या मालाच्या विक्रीतून किलोमागे एक युरो आपद्‌ग्रस्तांसाठी. मोदेनाचे जगप्रसिद्ध बल्लवाचार्य मास्सिमो बोत्तुरा यांनी या चीजचा रिसोत्तो (इटालियन भाताचा प्रकार) तयार केला आणि जगभरच्या घरांत एकाच रात्री तो शिजावा असं आवाहन झालं. संकटात सभासदाला मदत करायची, पण नियमाच्या खिशातून नाही, हा फरक या निर्णयात मला स्पष्ट दिसतो, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

नेतृत्व कोण करतं

संघाचे सभासद म्हणजे चीजशाळा. त्यांच्या सभेतून मंडळ आणि अध्यक्ष निवडले जातात. २०१७ पासून अध्यक्ष असलेले निकोला बर्तिनेल्ली स्वतः पार्मा जिल्ह्यातल्या शेती आणि चीजच्या घरातले. त्यांच्या काळात भर जास्त मुरवलेल्या चीजवर, ४० महिन्यांपर्यंतच्या, आणि डोंगरी भागातल्या मालाच्या वेगळ्या ओळखीवर राहिला आहे. एकूण चाकांपैकी साधारण पाचवा हिस्सा आपेनीन डोंगरातल्या गावांतून येतो. तिथे गवत महाग, वाहतूक महाग. तिथली चीजशाळा बंद पडली तर गावाचा शेवटचा रोजगार जातो. 'डोंगरी उत्पादन' ही जोडखूण त्यासाठी. डोंगरातल्या शेतकऱ्याला सवलत म्हणून सैल नियम दिला नाही, त्याच नियमावर वरची पायरी दिली, ही दिशा मला योग्य वाटते.

मालकी मात्र बदलते आहे. २०१९ मध्ये फ्रान्सच्या लाक्तालिस समूहाने नुओव्हा कास्तेल्ली ही पार्मिजानोच्या व्यापारातली मोठी इटालियन कंपनी विकत घेतली, तेव्हा तिथे बरीच अस्वस्थता होती. विक्रेता परदेशी होऊ शकतो. दूध, चारा, कढई आणि कोठार हद्दीबाहेर जाऊ शकत नाही. तेवढं संरक्षण नियमावलीने दिलं, त्याहून जास्त ती देऊ शकत नाही.

हापूसच्या निमित्ताने

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. तरीही हंगामात वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा देवगड-रत्नागिरीच्या नावाच्या पेटीत भरला जातो, ही तक्रार दर वर्षी बागायतदार करतात. कागदावर हापूस आज तिथे आहे जिथे पार्मिजानो १९५५ मध्ये होतं. पुढचं १९६४ आपल्याकडे आलेलं नाही. खूण पेटीवर आहे, फळावर क्वचित. सभासदाचा खराब माल नाकारणारी यंत्रणा नाही. आणि खूण लावलेल्या बागायतदाराला न लावणाऱ्यापेक्षा जास्त भाव मिळाल्याचा रोखठोक हिशोब बहुतेकांना अजून दिसलेला नाही. मानांकन नोंदवण्याचा खर्च आणि उत्साह आपण करतो. त्यानंतरची, तपासणीची आणि नाकारण्याची वर्षं कोण सांभाळणार, हे नोंदणीच्या आधी ठरलेलं असावं.

पार्मामध्ये आजचा ताण वेगळा आहे. ४० लाखांच्या वरची चाकं विकायची तर परदेश हवा, आणि अमेरिका ही सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ असूनही तिथे नाव उघडं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये विमानं बनवणाऱ्या कंपन्यांच्या अनुदानावरून झालेल्या भांडणात अमेरिकेने इटालियन चीजवर २५ टक्के जादा कर लावला आणि मार्च २०२१ मध्ये तो स्थगित झाला. त्या भांडणाशी पार्माच्या गाईंचा काही संबंध नव्हता. पो खोऱ्यातले उन्हाळे कडक होत चालले आहेत. गवतावर पोसलेल्या गाईला उष्णतेचा ताण आला की दूध घटतं, आणि चाऱ्याला पाणी लागतं. मुरघासावरची बंदी अशा वर्षांत आणखी महाग पडते. उत्पादनाचा आराखडा ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली की अध्यक्षांना पुन्हा गोठ्यागोठ्यात, चीजशाळेचीजशाळेत जाऊन ती दोन तृतीयांश संमती नव्याने मिळवावी लागते.